मंदीत युरोपियन वर्क्स कौन्सिल कपात थांबवू शकते का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे नाशिकचे, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळ यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर. तिथल्या ऑन्डरनेमिंग्सराडवर, म्हणजे कंपनीच्या डच कामगार परिषदेवर, दोन वर्षं आहेत आणि आता त्यांना युरोपियन वर्क्स कौन्सिलवर, म्हणजे कंपनीच्या युरोपभरच्या कामगार प्रतिनिधींच्या मंडळावर, पाठवलं आहे. कारखाने बेल्जियम, जर्मनी, स्पेन आणि पोलंडमध्ये, इंजिनिअरिंग सेंटर पुण्यात. ऑर्डरी आटल्या आहेत आणि येत्या मंगळवारी मुख्यालयाने 'विशेष बैठक' बोलावली आहे. ही कौन्सिल कपात थांबवू शकते का, नसेल तर तिथे जाऊन करायचं काय, आणि पुण्यातल्या सहकाऱ्यांचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

थांबवू शकत नाही. हे आधी पक्कं धरा, म्हणजे मंगळवारी हिरमोड होणार नाही. कौन्सिलने एकमुखाने 'नको' म्हटलं तरी कंपनीचं त्याने अडत नाही. अडतं ते दुसऱ्याच गोष्टीने: कौन्सिलला वेळेवर माहिती न देता, तिचं म्हणणं ऐकून न घेता निर्णय घेऊन टाकला आणि ते सिद्ध करता आलं, तर. म्हणजे तुमच्या हातात आहे तो वेळ. तिमाही निकालांची तारीख डोक्यावर असलेल्या व्यवस्थापनाला तीन-चार आठवड्यांचा उशीर किती महागात पडतो हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, म्हणूनच त्या वेळेला भाव येतो.

मी गेली वीसेक वर्षं ब्रुसेल्समध्ये राहून अशा कौन्सिलांना सल्ला देते. त्याआधी चिंचवडला एका युनियनच्या कचेरीत लेबर कोर्टाच्या फायली सांभाळायचे. व्यवस्थापनाच्या बाजूने टेबलावर कधी बसलेले नाही. माझा कल कुठे आहे ते लक्षात घेऊनच पुढचं वाचा.

कायदा पटकन उरकते. युरोपीय संघाचा मूळ निर्देश, म्हणजे प्रत्येक सदस्य देशाने आपल्या कायद्यात उतरवायचा नियम, 1994 चा; तो 2009 मध्ये नव्याने लिहिला गेला. संघातल्या देशांत मिळून किमान 1000 कर्मचारी आणि किमान दोन देशांत प्रत्येकी 150, अशी कंपनी त्यात बसते. दोन देशांतल्या मिळून 100 कर्मचाऱ्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी लेखी मागणी केली की व्यवस्थापनाला वाटाघाटीला बसावं लागतं. मागणी केलीच नाही तर कौन्सिल आपोआप उगवत नाही, त्यामुळे पात्र कंपन्या कितीतरी अधिक असूनही चालू कौन्सिलं हजाराच्या आसपासच आहेत. 2025 च्या अखेरीस निर्देशात पुन्हा सुधारणा झाली. कौन्सिलच्या मताला निर्णयाआधी कारणांसह लेखी उत्तर, आणि 'गोपनीय' असा शिक्का मारायचा तर त्याचं कारण, अशा गोष्टी त्यात आल्या. पण देशोदेशीच्या कायद्यात त्या उतरायला वेळ लागणार, म्हणून या मंगळवारी त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

निर्देशापेक्षा मोलाचा कागद म्हणजे तुमच्या कंपनीचा स्वतःचा करार. कौन्सिल स्थापन करताना व्यवस्थापन आणि कामगार प्रतिनिधी यांच्यात जे ठरलं तेच लागू होतं; निर्देशातले ठोकळ नियम करार जमलाच नाही तर. तेव्हा आज रात्री तो करार काढा आणि 'अपवादात्मक परिस्थिती' हे कलम शोधा. किती देशांत, किती लोकांवर परिणाम होत असेल तर विशेष बैठक, कागद किती दिवस आधी, तज्ज्ञ कोणाच्या खर्चाने, मत द्यायला मुदत किती, हे सगळं तिथे असतं. नव्या सदस्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. व्यवस्थापनाच्या वकिलाला मात्र तो तोंडपाठ असतो.

आता कौन्सिल खरोखर कुठे उपयोगी पडते ते सांगते. 2009 ची मंदी चालू होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी, बैठक फ्रँकफर्ट विमानतळाजवळच्या हॉटेलात. आदल्या दिवशी फक्त प्रतिनिधींची पूर्वबैठक असते, तिथे प्रत्येक देशाने आपापली स्थिती सांगायची. बेल्जियमची प्रतिनिधी म्हणाली, सप्टेंबरपासून आमची लाइन आठवड्यातून दोन दिवस बंद आहे, ऑर्डरच नाही म्हणतात, लोक सरकारी भत्त्यावर घरी बसलेत. पोलंडचा प्रतिनिधी अबोल माणूस, तोवर एक शब्द बोलला नव्हता. त्याने कानावरचा हेडफोन उतरवला, जॅकेटच्या आतल्या खिशातून घडी घातलेला शिफ्टचा तक्ता काढला आणि टेबलावर पसरला. त्याच आठवड्यांत त्यांच्याकडे शनिवारची जादा पाळी लागली होती. पोलिश दुभाषी बाईंनी 'शनिवार' दोनदा विचारून घेतला, त्यांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक होतेय. मग बेल्जियमच्या बाईने आपल्या लाइनवरच्या भागाचा नंबर सांगितला. पहिले सहा आकडे तंतोतंत तेच.

ऑर्डर गेलेली नव्हती, बस बदलून पुढच्या स्टॉपवर उतरली होती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाच्या सादरीकरणात 'बाजारातील मागणीतील घट' असं पान होतं. आम्ही एकच प्रश्न विचारला: या नंबरचा भाग मार्चपासून दर महिन्याला कुठल्या कारखान्यात किती निघाला? वित्त संचालकांनी कॉफीची वेळ झाल्याचं जाहीर केलं. कॉफीची वेळ साडेअकराची, आणि साडेअकरा वाजायला अजून वीस मिनिटं होती.

बेल्जियमची ती लाइन अखेर गेलीच, खोटं कशाला बोलू. पण दीड वर्षांनी गेली, दोन महिन्यांत नाही. वयस्क कामगारांना लवकर निवृत्तीची सोय झाली, आणि पोलंडमध्ये जादा पाळी टेंपररी पोरांकडून करून घेण्याऐवजी काही जणांना कायम घेतलं गेलं. तो घडी घातलेला तक्ता नसता तर यातलं काही झालं नसतं. कौन्सिलचं खरं काम हे आहे: एका कारखान्याला दुसऱ्याबद्दल जे सांगितलं जातं ते एकाच खोलीत ताडून बघणं. मंदीत प्रत्येक कारखान्याला वेगवेगळी गोष्ट ऐकवली जाते. स्पेनला सांगतात, जर्मन लोक तासाला किती जास्त काम करतात बघा. जर्मनांना सांगतात, पोलंडमध्ये मजुरी किती स्वस्त आहे बघा. पोलंडला सांगतात, आता चीन आलाय.

ही चाल नवी नाही, आणि हा सगळा कायदाच तिच्यातून जन्माला आला. 1973 मध्ये आक्झो ही डच-जर्मन रसायन कंपनी हजारो लोक कमी करायला निघाली होती. कुठल्या देशात माणूस काढणं सर्वांत स्वस्त पडतं याचा हिशेब करून तिने जागा निवडली. त्यावरून गदारोळ झाला आणि 1975 मध्ये सामूहिक कपातीवरचा पहिला युरोपीय निर्देश आला. मग जानेवारी 1993 मध्ये हूवर कंपनीने फ्रान्समध्ये दिजोंजवळचा लाँगविकचा व्हॅक्यूम क्लीनरचा कारखाना बंद करून काम स्कॉटलंडमधल्या कँबसलँगला नेलं. फ्रान्समधल्या सुमारे 600 नोकऱ्या गेल्या, स्कॉटलंडला सुमारे 400 मिळाल्या, आणि त्या मिळवण्यासाठी स्कॉटिश कामगारांनी पगार गोठवण्यासकट बऱ्याच अटी मान्य केल्या होत्या. दोन्हीकडचे कामगार प्रतिनिधी एकमेकांशी वेळेत बोललेच नव्हते. पुढच्या वर्षी कौन्सिलचा निर्देश मंजूर झाला त्यामागे ही कडवट चव होती.

आणि तरीही 27 फेब्रुवारी 1997 आला. ब्रुसेल्सला लागूनच विलवोर्ड नावाचं गाव आहे, तिथे रेनोचा कारखाना होता, सुमारे 3100 कामगार. त्या दिवशी कंपनीने पत्रकार परिषद घेऊन तो बंद करणार असल्याचं सांगितलं. रेनोला युरोपीय कौन्सिल होती. तिला आधी काही विचारलं नव्हतं. ब्रुसेल्सच्या आणि पॅरिसजवळच्या नांतेरच्या न्यायालयाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रेनोला दोषी धरलं, मे महिन्यात व्हर्सायच्या अपील न्यायालयानेही ते कायम केलं: कौन्सिलशी सल्लामसलत केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फ्रान्स, स्पेन आणि बेल्जियममधल्या रेनो कामगारांनी एकाच दिवशी काम बंद ठेवलं, आणि 'युरो-संप' हा शब्द वर्तमानपत्रांत आला.

कारखाना मात्र त्याच वर्षी बंद झाला. न्यायालयाने सल्लामसलत करायला सांगितलं, कारखाना चालू ठेवा असं नव्हे. नवी मंडळी इथेच फसतात. खटला जिंकला म्हणजे नोकऱ्या वाचल्या असं नसतं. विलवोर्डच्या लोकांना मिळाले ते काही महिने आणि पुष्कळ बरी भरपाई. शिवाय बेल्जियममध्ये 1998 साली एक कायदा आला, ज्याला आजही सगळे 'रेनो कायदा'च म्हणतात: आधी सल्लामसलत पूर्ण, मग कपातीची सूचना. पुढे आँटवर्पची ओपेल, हेंकची फोर्ड आणि 28 फेब्रुवारी 2025 ला ब्रुसेल्सची आउडी, हे सगळे कारखाने त्याच कायद्याखाली रीतसर बंद झाले. मी विलवोर्डवरून जाते तेव्हा हे आठवतं आणि माझा धंदाच मला थोडा हास्यास्पद वाटतो. पण रीतसर बंद होणं आणि टीव्हीवर बातमी बघून बंद झाल्याचं कळणं यात फरक आहे, आणि तो ज्यांचं घर कर्जावर आहे त्यांनाच समजतो.

उलट बाजूही आहे, जिथे उशीर खरोखर महागात पडला. गाझ द फ्रान्स आणि स्वेझ या दोन कंपन्यांचं विलीनीकरण नोव्हेंबर 2006 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने याच मुद्द्यावर अडवलं: युरोपीय कौन्सिलला पुरेशी माहिती दिलेली नाही. जानेवारी 2008 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच बरोबर ठरवलं. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागात कौन्सिलच्या तारखा वेळापत्रकात आधी लिहिल्या जाऊ लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकजुटीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मंगळवारनंतर विचाराल. म्हणून जनरल मोटर्स युरोपची गोष्ट सांगते. त्यातून जितकं शिकले तितकं कुठल्याच पाठ्यपुस्तकातून शिकले नाही.

डिसेंबर 2000 मध्ये इंग्लंडमधल्या ल्यूटनचा व्हॉक्सहॉल गाड्यांचा कारखाना बंद होणार असं जाहीर झालं. जानेवारीत कंपनीच्या युरोपभरच्या कारखान्यांत सुमारे 40,000 लोकांनी एकाच दिवशी काम थांबवलं. मार्चमध्ये युरोपीय पातळीवर करार झाला: सक्तीने कोणाला काढायचं नाही. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा 12,000 नोकऱ्यांची कपात, बहुतेक जर्मनीत. बोखुमच्या कामगारांनी युनियनला न विचारताच काम बंद केलं, आणि पुन्हा युरोपभर निषेधाचा दिवस झाला. मग पुढची अॅस्ट्रा गाडी कुठे बनवायची हा प्रश्न आला. बोखुम, आँटवर्प, एल्समिअर पोर्ट, ट्रोलहेटन आणि पोलंडमधलं ग्लिवित्से, पाच कारखाने, पाच देश. कंपनी प्रत्येकाकडून वेगवेगळी बोली मागवणार हे उघड होतं. कौन्सिलने पाचही कारखान्यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवलं आणि त्यांनी ठरवलं की एकट्याने बोली लावायची नाही, दुखणं वाटून घ्यायचं.

ही कमाई केवढी मोठी होती हे ज्याने कधी कामगारांची आंतरदेशीय बैठक चालवली आहे त्यालाच कळेल. पाच भाषा, प्रत्येकाच्या मागे आपापल्या गावाचा महापौर, प्रत्येकाला पुढच्या वर्षी निवडून यायचंय. आपल्याकडे एका सोसायटीत पाण्याच्या टँकरचा खर्च वाटून घेताना काय होतं ते आठवा.

मग 2006 मध्ये पोर्तुगालमधला आझाम्बुजाचा कारखाना बंद करायचं ठरलं. कंपनी म्हणाली, तिथे गाडीमागे 500 युरो जास्त खर्च येतो. इतर देशांत सहानुभूतीचे छोटे संप झाले, डिसेंबरमध्ये कारखाना बंद झालाच. एकजुटीच्या भिंतीला पहिली फट तिथे पडली. 1 जून 2009 ला अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि भिंतच कोसळली, कारण आता पैसा कंपनीचा राहिला नव्हता, सरकारांचा झाला होता. जर्मन सरकार ओपेलसाठी, म्हणजे जनरल मोटर्सच्या जर्मन कंपनीसाठी, अब्जावधी युरोंची हमी द्यायला तयार झालं, तर त्या बदल्यात जर्मन कारखाने वाचणार हे उघड होतं. बेल्जियमच्या तिजोरीत तेवढा दम नव्हता. डिसेंबर 2010 मध्ये आँटवर्पचा कारखाना बंद झाला. जे बोखुम 2005 मध्ये आँटवर्पच्या शेजारी बसून शपथ घेत होतं, ते तेव्हा वाचलं. चार वर्षांनी, डिसेंबर 2014 मध्ये, बोखुमही बंद झालं.

मंदीत कौन्सिलची एकजूट मोडते ती बहुधा गद्दारीने नाही. प्रत्येक देशाच्या सरकारकडे वेगवेगळं औषध असतं. जर्मनीत 'कुर्झआर्बाइट', म्हणजे कामाचे तास कमी करून पगाराचा काही भाग सरकारने देणं. मे 2009 मध्ये चौदा लाखांच्या वर लोक त्यावर होते. बेल्जियम, फ्रान्स, इटलीत तशाच योजना. ज्या देशात सरकार जास्त भार उचलतं तिथली माणसं तात्पुरती घरी बसतात, जिथे काढणं स्वस्त तिथली कायमची जातात. हे कोणी ठरवून करत नाही, हिशेबाच्या तक्त्यातच ते येतं. म्हणून कौन्सिलने मागायची पहिली गोष्ट ही: प्रत्येक देशात उपलब्ध असलेली कमी तासांची योजना वापरून झाली का? नसेल, तर कपातीची चर्चा आत्ता का?

आता मंगळवार.

सुरुवातीलाच, सादरीकरण चालू व्हायच्या आधी, अध्यक्षांना एक प्रश्न विचारायला सांगा आणि तो इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या: 'निर्णय झाला आहे का?' व्यवस्थापन 'हो' म्हणालं तर सल्लामसलत न करता निर्णय घेतल्याची कबुली तुमच्या हातात. 'नाही' म्हणालं तर पर्यायांवर बोलायला ते बांधील. सराईत माणूस 'निर्णय झालेला नाही, इरादा आहे' असं म्हणेल. चालेल, तेही लिहून घ्या. इराद्याच्या पायरीवर पर्याय ऐकून घ्यावेच लागतात. 2005 मध्ये युरोपीय न्यायालयाने एका जर्मन प्रकरणात स्पष्ट सांगितलं की सामूहिक कपातीत सल्लामसलत नोटीस देण्याआधी संपली पाहिजे, नोटीस कालावधीत नाही. वरातीमागून घोडं चालत नाही.

भरपाई किती महिन्यांची, हा विषय पहिल्या बैठकीत निघू देऊ नका. तो काढणारा बहुधा आपल्यातलाच असतो, बिचारा घाबरलेला. पण आकडा टेबलावर आला की 'का' हा प्रश्न संपतो आणि 'किती' एवढाच उरतो. शिवाय भरपाई ही देशोदेशीच्या कायद्याची गोष्ट. जर्मनीत ती 'सोझियालप्लान'मध्ये, म्हणजे कंपनी आणि तिथल्या कामगार परिषदेच्या करारात ठरते, फ्रान्समध्ये वेगळ्या पद्धतीने. ती युरोपीय टेबलावर सुटत नाही.

स्लाइड्स कागदपत्रं नसतात. चौदा पानांचं रंगीत सादरीकरण म्हणजे माहिती दिली असं मानू नका. मागायचं ते कारखानानिहाय: ऑर्डर बुक, क्षमतेचा किती वापर होतो, गेल्या तीन वर्षांत कुठलं उत्पादन कुठून कुठे हललं, आणि अंतर्गत हस्तांतरणाचे भाव. या शेवटच्यावर जरा थांबते, कारण तोट्यातला म्हणून दाखवलेला कारखाना बरेचदा इथेच तोट्यात जातो. तुमच्या स्पेनच्या कारखान्याने बनवलेला भाग जर्मनीच्या कारखान्याला विकला जातो, कंपनीच्या आतच. तो भाव बाजार ठरवत नाही, मुख्यालय ठरवतं, आणि करापासून नफ्याच्या ठिकाणापर्यंत अनेक गोष्टी बघून ठरवतं. दोन भावांच्या एकाच घरात धाकट्याने थोरल्याला दूध लिटरला दहा रुपयांनी द्यायचं आणि वर्षअखेर थोरल्याने म्हणायचं, तुझा गोठा परवडत नाही. एका कौन्सिलसाठी आम्ही हे भाव मागितले तेव्हा चार महिने 'व्यावसायिक गुपित' हेच उत्तर येत राहिलं. शेवटी तज्ज्ञाला गुप्ततेच्या अटीवर दाखवले. त्या कारखान्याचा तोटा खरा होता, पण सादरीकरणातल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

तज्ज्ञ मागा. एका तज्ज्ञाचा खर्च कंपनीने करायचा असं निर्देशातल्या ठोकळ नियमांत आहे, तुमच्या करारातही असेल. वकील नको, हिशेब कळणारा घ्या.

इतिवृत्त व्यवस्थापन लिहितं. त्यात 'माहिती व सल्लामसलत प्रक्रिया पूर्ण झाली' असं वाक्य शेवटी सरकवलेलं असतं, कधी शेवटून दुसऱ्या ओळीत. त्यावर सही करू नका. 'माहिती सत्र झालं, कौन्सिल मत अमुक तारखेपर्यंत देईल' एवढंच लिहू द्या.

तुम्ही डच परिषदेतून आला आहात हा तुमचा मोठा फायदा, आणि तुमच्या कौन्सिलमधले बाकीचे तो अजून ओळखून नसतील. डच ऑन्डरनेमिंग्सराडला अशा निर्णयावर औपचारिक सल्ला देण्याचा कायदेशीर हक्क आहे. व्यवस्थापन तिच्या सल्ल्याविरुद्ध गेलं तर निर्णय एक महिना अंमलात आणता येत नाही, आणि त्या महिन्यात ती अॅमस्टरडॅमच्या ऑन्डरनेमिंग्सकामरकडे, म्हणजे कंपन्यांच्या वादांसाठीच्या खास न्यायालयाकडे, जाऊ शकते. युरोपीय कौन्सिलकडे एवढी धार नाही. तेव्हा घरी परतल्यावर तुमच्या डच परिषदेला सांगा: युरोपीय कौन्सिलचं लेखी मत आल्याशिवाय आपला सल्ला द्यायचा नाही. व्यवस्थापन नेमकं उलटं मागेल, म्हणेल तुमचं आधी उरकूया. युरोपीय आणि देशी टेबलांची सांगड घालणं हे कौन्सिलचं अर्धं यश, आणि ती सांगड अशा साध्या क्रमानेच घातली जाते.

गोपनीयतेबद्दल एकच: 'गोपनीय' म्हणजे नेमकं कुठलं पान, कोणापासून आणि किती दिवस, हे विचारून घ्या. पूर्ण फाईलवर मारलेला शिक्का सहसा टिकत नाही. पण शिक्का असलेलं पान व्हॉट्सअॅपवर टाकू नका, त्याने फक्त तुमची नोकरी जाते.

आता पुण्याचा भाग, जो तुम्ही शेवटी आणि जरा दबक्या आवाजात विचारलाय.

मंगळवारच्या स्लाइड्सवर पुण्याचं नाव असणार असं मी गृहीत धरते. कारखान्याची कपात आणि डिझाइनचं काम भारतात हलवणं हे हल्ली एकाच पॅकेजमध्ये येतं. आणि तुम्ही त्या खोलीत एकमेव मराठी माणूस. कॉफीच्या वेळी कोणीतरी हसत म्हणेल, 'तुमच्या लोकांचं बरंय की.' माझ्याबाबतीत हे झालंय, एकदा नाही. त्यावर चिडू नका आणि गप्पही बसू नका. तुम्हीच आधी बोला. नोकियाचं उदाहरण द्या. जानेवारी 2008 मध्ये नोकियाने बोखुमचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं, 2300 लोक, काम रोमानियात क्लुजजवळ गेलं. बोखुमात रोमानियाच्या नावाने बोटं मोडली गेली. 2011 मध्ये नोकियाने क्लुजचा कारखानाही बंद करायचं ठरवलं, काम आशियात. ज्याला काम मिळालं तो जिंकला असं म्हणणाऱ्याला क्लुजला जाऊन विचारू द्या.

आणि तळेगाव. जनरल मोटर्सच्या युरोपीय कामगारांकडे निदान कौन्सिल होती, भांडायला टेबल होतं. त्याच कंपनीचा तळेगावचा कारखाना 24 डिसेंबर 2020 ला थांबला तेव्हा तिथल्या कामगारांकडे तसं कुठलंच टेबल नव्हतं. विकत घ्यायला ग्रेट वॉल मोटर्स येणार होती, ते 2022 मध्ये बारगळलं. 2023 मध्ये ह्युंदाईशी करार झाला. दरम्यान कामगार सरकार दरबारी आणि न्यायालयात. भारतीय कायद्यात मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते, ही एक अशी पायरी जी युरोपातल्या बहुतेक देशांत नाही. ती मर्यादा आधी 100 कामगारांची होती. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती 300 झाली आहे. पण परवानगी मिळेल न मिळेल, मुख्यालयात काय ठरतंय ते ऐकायला तळेगावचा माणूस कुठेच बसलेला नव्हता.

तुमच्या पुण्याच्या इंजिनिअरांनाही कौन्सिलमध्ये कायद्याने जागा नाही, निर्देश युरोपापुरता. शिवाय भारतात त्यांच्यासारखे इंजिनिअर कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरतात का, यावरच वाद. पण करारात 'पाहुणे' किंवा 'निरीक्षक' बोलावायची सोय असेल तर वापरा. नसेल तर पुढच्या वाटाघाटीत मागा. फोक्सवॅगन आणि एसकेएफसारख्या कंपन्यांत जगभरच्या कामगारांची समिती आहे, आणि दोघांचेही कारखाने पुण्याच्या परिसरात आहेत, म्हणजे कल्पना अगदीच हवेतली नाही. तोवर निदान तिथल्या एका माणसाचा फोन नंबर जवळ ठेवा, जो तुम्हाला सांगेल की गेल्या तीन महिन्यांत त्यांच्याकडे कुठल्या कामाची भरती चालू आहे. घडी घातलेल्या तक्त्याचा पुणेरी भाऊ.

मुख्यालय युरोपाबाहेर आहे ही सबब कोणी पुढे केली, तर ती चालत नाही, हेही जाता जाता. स्विस मुख्यालयाच्या एका वाहतूक कंपनीबद्दल युरोपीय न्यायालयाने 2004 मध्ये सांगितलं की मूळ कंपनी माहिती देत नसेल तरी संघातल्या तिच्या प्रतिनिधीने ती गोळा करून द्यायची आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांनाही हे लागू पडतं. टाटा स्टीलने 2007 मध्ये कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली तेव्हापासून आयमाउडनचे डच कामगार बाँबे हाउसचं नाव रोज घेत आले आहेत. टाटा स्टीलच्याच वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या कारखान्याला ब्रेक्झिटनंतर युरोपीय कायद्याचा आधार उरला नव्हता. तिथे युनियनांनी तज्ज्ञांकडून पर्यायी आराखडा करून घेतला: एक भट्टी आणखी काही वर्षं चालवायची. कंपनीने तो परवडत नाही म्हणून नाकारला आणि शेवटची ब्लास्ट फर्नेस 30 सप्टेंबर 2024 ला थांबली. त्याच कंपनीच्या डच कामगारांकडे ऑन्डरनेमिंग्सराड आहे, त्यांच्याशी व्यवस्थापन बरंच सावधपणे बोलतं. तेव्हा तुमच्या त्या डच परिषदेला कमी लेखू नका.

सोमवारची पूर्वबैठक दुपारी दोनला ठेवलीय असं तुम्ही लिहिलंय. ती सकाळी नऊला घ्यायला सांगा, आणि दुभाषे दोन्ही दिवस पूर्ण वेळ आहेत ना हे आजच विचारून घ्या. पूर्वबैठकीला दुभाषे 'उपलब्ध नव्हते' हे मी अनेकदा ऐकलंय. पोलंडच्या प्रतिनिधीला आज रात्रीच फोन करा, इंग्रजी मोडकं असलं तरी. त्यांच्याकडे शनिवारी पाळी लागतेय का, एवढं विचारा.